वकील न लावता ग्राहक आयोगात तक्रार: बिलापासून दरखास्तीपर्यंत

वॉरंटीतला फ्रिज तीनदा दुरुस्त होऊन चौथ्यांदा बंद पडतो. विमा कंपनी 'आधीपासूनचा आजार' म्हणून दावा नाकारते. बिल्डर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय चाव्या हातात ठेवतो. अशा वेळी बहुतेक लोक कस्टमर केअरला फोन करकरून थकतात आणि सोडून देतात. खरं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात कोणीही स्वतः तक्रार दाखल करून स्वतः चालवू शकतो. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत तक्रार मराठीत लिहिलेली चालते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी एक रुपयाही नाही.

तरीही अनेक खऱ्या तक्रारी फेटाळल्या जातात. बहुतेक वेळा कारण एकच: कागद नाही, किंवा कागदावर तारीख नाही, किंवा भलत्याच माणसाला पक्षकार केलेलं आहे. आयोग तुमची चिडचिड ऐकून निकाल देत नाही, संचात लावलेला कागद वाचून देतो. म्हणून खाली सुनावणीपेक्षा तयारीवर जास्त भर आहे.

१. कायद्याच्या नजरेत तुम्ही 'ग्राहक' आहात का?

मोबदला देऊन, किंवा द्यायचं कबूल करून, वस्तू अथवा सेवा घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. हप्त्यांवर घेतलेली वस्तूही यात आली. विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणारा माणूसही ग्राहक असतो. मुलाने घेऊन दिलेल्या मिक्सरबद्दल आईही तक्रार करू शकते.

वगळलेला मोठा गट म्हणजे पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने केलेली खरेदी. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः काम करण्यासाठी घेतलेली रिक्षा, शिलाई मशीन किंवा झेरॉक्स मशीन या वगळलेल्या गटात येत नाही, त्याबद्दल तक्रार चालते. अशी वस्तू असेल तर 'हे यंत्र मी स्वयंरोजगारासाठी, केवळ उदरनिर्वाहाकरिता घेतले आहे' हे वाक्य तक्रारीच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच लिहा. ते नसेल तर समोरची बाजू 'तक्रारदार ग्राहकच नाही' हा पहिला आक्षेप घेणार, हे ठरलेलं.

डॉक्टर आणि खासगी रुग्णालयांची पैसे घेऊन दिलेली सेवा या कायद्यात येते, सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. सगळ्यांना पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा येत नाही. वकिलांविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२४ चा निकाल आहे.

शेतकऱ्यांसाठी थोडं सविस्तर. बियाण्यांचा वेगळा कायदा असला तरी सदोष बियाण्याबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मान्य केलं आहे. उगवण झाली नाही किंवा भेसळीचं बियाणं निघालं, तर पीक उभं असतानाच कृषी विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडून पाहणी करून घ्या. शेत मोडल्यावर पुरावा उरत नाही. पिशवी, तिला लावलेला टॅग, लॉट नंबर असलेलं बिल आणि शक्य असेल तर मूठ-दोन मूठ शिल्लक बियाणं जपून ठेवा. यात नेहमी फसगत होते ती अशी: पाहणीची सूचना कंपनीला आणि विक्रेत्याला दिलेलीच नसते, आणि 'आमच्या माघारी पंचनामा झाला' म्हणत कंपनी सुटायला बघते. सूचना गेली आहे का, ते समितीला विचारा आणि त्या पत्राची प्रत मागून घ्या. नुकसान पावसाने किंवा किडीने झालं, की बियाण्यानेच, हे अहवालात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. 'उगवण कमी आढळली' एवढ्यावर भागत नाही.

२. आयोगात जायचं की आणखी कुठे?

प्रत्येक वाद आयोगात नेण्याची गरज नसते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते. ऑनलाइन खरेदीचा परतावा अडकणं, चुकीची वस्तू येणं, अशा बाबतीत पुष्कळदा तिथेच काम होतं. पण हेल्पलाइनला आदेश काढण्याचा अधिकार नाही. तिथे तक्रार नोंदवली म्हणून पुढे दिलेली दोन वर्षांची मुदतही थांबत नाही. तक्रार क्रमांक मात्र लिहून ठेवा, तुम्ही गप्प बसला नव्हता याचा तो पुरावा.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजनात मारलं, तर वैधमापन (वजन-मापं तपासणाऱ्या) विभागाकडे जा. बँकेबद्दल आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. विम्याचा दावा पन्नास लाखांपर्यंतचा असेल तर विमा लोकपाल हा विनामूल्य मार्ग आहे, कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. घराच्या बाबतीत महारेरा (बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) आणि ग्राहक आयोग असे दोन्ही पर्याय खुले आहेत, पण त्याच मागणीसाठी एका वेळी दोन्हीकडे जाऊ नका. लोकपालांचंही तसंच, प्रकरण आयोगापुढे चालू असेल तर लोकपाल ते हातात घेत नाहीत.

वीजबिलाच्या वादात एक फरक लक्षात ठेवा. चुकीचं रीडिंग किंवा नादुरुस्त मीटर ही सेवेतील त्रुटी म्हणून आयोगात नेता येते. पण वीजचोरीच्या आरोपाविरुद्धची किंवा अनधिकृत वापर ठरवून विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली केलेल्या आकारणीविरुद्धची तक्रार आयोगात चालत नाही.

३. सगळ्यात आधी तारीख मोजा

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, एवढीच मुदत. विम्यात ती साधारणपणे दावा नाकारल्याच्या पत्राच्या तारखेपासून मोजतात. वस्तूच्या दोषात कधीपासून मोजायची यावर वाद होऊ शकतो, म्हणून दोष पहिल्यांदा दिसल्याच्या तारखेपासूनच मोजा, शेवटच्या दुरुस्तीपासून नको.

वकिलाची नोटीस पाठवली की मुदत वाढते, हा सर्रास पसरलेला गैरसमज. नोटिशीने मुदत वाढत नाही. कंपनीशी ई-मेल चालू असल्यानेही वाढत नाही. 'पुढच्या महिन्यात बघतो' असं सांगत दोन वर्षं काढणारे विक्रेते खूप आहेत.

उशीर झालाच असेल तर तक्रारीसोबत विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज आणि शपथपत्र जोडा. किती दिवसांचा उशीर झाला, तो आकडा लिहा आणि त्या प्रत्येक टप्प्याचं कारण कागदासह द्या, उदाहरणार्थ रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. 'घरगुती अडचणींमुळे' या दोन शब्दांवर विलंब माफ होईल असं धरून चालू नका.

घराच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. ताबाच दिला नसेल तर तक्रारीचं कारण रोज चालू राहतं. भोगवटा प्रमाणपत्र न मिळवून देणं हाही चालू राहणारा कसूर आहे, असं मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं आहे. जुन्या सोसायट्यांनी 'आता फार उशीर झाला' म्हणून प्रयत्न सोडू नये.

४. कागद गोळा करा

– बिल किंवा पावती, वॉरंटी कार्ड, करारनामा, पॉलिसीची पूर्ण पुस्तिका (फक्त पहिलं पान नव्हे)
– पैसे दिल्याचा पुरावा: बँक स्टेटमेंटचं पान, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक
– प्रत्येक दुरुस्तीची जॉबशीट
– केलेल्या सगळ्या लेखी तक्रारी आणि त्यांची उत्तरं
– जाहिरात, माहितीपत्रक किंवा वेबसाइटचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारीख दिसेल असा
– दोषाचे फोटो, व्हिडिओ
– स्वतःचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा

दुकानातली थर्मल कागदावरची बिलं काही महिन्यांत फिकी पडतात, आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटोही घ्या. बिल मागूनही दिलं नाही, तर ती कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटीही सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवत नाही.

जॉबशीटकडे नीट लक्ष द्या, बहुतेक प्रकरणांचं भवितव्य तिथेच ठरतं. तंत्रज्ञ घरी येतो, अर्धा तास खटपट करतो आणि शेऱ्याच्या रकान्यात 'ओके टेस्टेड' लिहून सही मागतो. सही करण्याआधी त्याच कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा: 'कूलिंग अजून होत नाही, कॉम्प्रेसरचा आवाज येतो', खाली तारीख आणि वेळ. मोबाइलवर ओटीपी मागितला तर दुरुस्ती तपासल्याशिवाय देऊ नका, कारण ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार 'समाधानाने बंद' होते. दिला गेलाच असेल तर लगेच ई-मेल करून आक्षेप नोंदवा.

विम्यात असाच सापळा 'फुल अँड फायनल' व्हाउचरचा. दावा दोन लाखांचा, मंजूर सव्वा लाख आणि सही 'पूर्ण समाधान'वर. पैसे नाकारण्याची गरज नाही, पण सहीजवळ 'उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारले' असं लिहा. लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी ई-मेल करा.

व्हॉट्सअ‍ॅप संभाषण, ई-मेल, रेकॉर्डिंग जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र सोबत द्या. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसतो हे खरं, पण समोरचा वकील या एका कागदावरून वेळ खातो. मूळ फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

५. नोटीस

आधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी पाठवा. नोटिशीला उत्तर आलं तर समोरच्याचा बचाव आधीच कळतो, आणि नाही आलं तर त्यांची बेफिकिरी कागदावर येते. वकिलाचं लेटरहेड लागत नाही, एक पान पुरतं. नमुना असा:

'मी दिनांक … रोजी आपल्या दुकानातून बिल क्रमांक … अन्वये रु. ३८,५०० देऊन … कंपनीचा फ्रिज घेतला. दि. …, दि. … आणि दि. … रोजी तो बंद पडला, जॉबशीट क्रमांक … सोबत जोडल्या आहेत. कॉम्प्रेसर दोनदा बदलूनही दोष कायम आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत फ्रिज बदलून द्यावा अथवा रु. ३८,५०० परत करावेत. तसे न केल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आयोगात दाद मागण्यात येईल आणि त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.'

धमक्या, अपशब्द, 'सोशल मीडियावर बदनामी करीन' असलं काहीही लिहू नका. हेच पत्र पुढे आयोग वाचणार आहे. स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवा आणि ई-मेलही करा. 'डिलिव्हर्ड' दिसताच ट्रॅकिंगच्या पानाचा प्रिंट काढा, कारण ती माहिती साइटवर कायम राहत नाही.

ऑनलाइन विक्रेत्यांबाबत २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. प्लॅटफॉर्मने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याच्या ई-मेलवर लिहा.

६. कोणता आयोग, किती फी?

इथे पाहतात ती तुम्ही दिलेला मोबदला, मागितलेली भरपाई नव्हे. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. मेडिक्लेम दहा लाखांचा असला तरी हप्ता अठरा हजार भरलेला असेल तर हिशेब अठरा हजारांचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली आहे.

फी: ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाख रु. २००, १० ते २० लाख रु. ४००, २० ते ५० लाख रु. १,०००.

कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. 'सर्व वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात' किंवा 'लवादाकडेच जावे लागेल' असं बिलामागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याला घाबरू नका. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे एकाहून अधिक आयोग आहेत आणि त्यांच्या हद्दी वाटलेल्या आहेत, तेव्हा तुमचा भाग कोणाकडे येतो ते कार्यालयात विचारून घ्या. कायदा केंद्राचा असल्याने गोव्यातही हीच पद्धत आहे.

एक अपवाद: करारातल्या अटीच एकतर्फी आणि जाचक आहेत म्हणून त्या रद्द करा, अशी मागणी असेल तर ती जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं.

७. सामनेवाला नेमका कोण?

तक्रार करणारा तो तक्रारदार. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला काही जिल्ह्यांत सामनेवाला म्हणतात, काही ठिकाणी जाबदेणार, तर काही ठिकाणी विरुद्ध पक्ष.

बिलावरचं ठळक नाव पुष्कळदा फक्त दुकानाचं नाव असतं. कायदेशीर नाव शोधायला बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका, व्यवसायाचं नाव, मालकी हक्काचा प्रकार आणि पत्ता मिळतो. एकट्याच्या मालकीचं दुकान असेल तर 'अमुक स्टोअर्स तर्फे प्रोप्रायटर' असं मालकाचं नाव घाला. भागीदारी असेल तर भागीदारांची नावं, कंपनी असेल तर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता.

सदोष वस्तूत विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. ऑनलाइन खरेदीत प्लॅटफॉर्म आणि बिलावरचा प्रत्यक्ष विक्रेता, दोघेही. नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं तो समोर नसतो. पण रागाच्या भरात कंपनीचे अध्यक्ष, विभागीय अधिकारी, कॉल सेंटरवरची मुलगी अशी आठ-दहा नावं घालू नका. प्रत्येकाला नोटीस बजवावी लागते, आणि एकाचीही बजावणी अडली की प्रकरण तिथेच थांबतं.

८. तक्रार लिहिणं

पाच-सहा पानं पुरतात. परिच्छेदांना क्रमांक द्या. क्रम असा ठेवा: पक्षकारांची नावं-पत्ते, मी ग्राहक कसा, व्यवहार, घटनाक्रम, नेमकी त्रुटी, कारण कधी घडलं, हद्द आणि मूल्य, मुदतीत आहे हे विधान, 'याच कारणासाठी इतरत्र तक्रार प्रलंबित नाही' हे विधान, मागण्या. शेवटी सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी विधान) आणि शपथपत्र. आयोगात द्यायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर करून नोटरी केलं की झालं. पाचशेचा स्टॅम्प घ्यायलाच हवा असं कोणी सांगितलं तर विकत घेऊ नका.

घटनाक्रम लिहिताना एका परिच्छेदात एकच घटना, सुरुवातीला तारीख, शेवटी कागदाचा क्रमांक. 'कंपनीने वारंवार टाळाटाळ केली' या वाक्याला किंमत नाही. 'दि. १२ जूनच्या ई-मेलला (कागद क्र. ६) उत्तर आले नाही, दि. २८ जून रोजी पुन्हा लिहिले (कागद क्र. ७)' या वाक्याला आहे. स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट लपवू नका. हप्ता पंधरा दिवस उशिरा भरला असेल तर लिहा आणि कारण सांगा. ती समोरच्याने काढली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मागण्या एकेक वेगळ्या लिहा. मूळ रक्कम परत, त्यावर अमुक तारखेपासून व्याज, शारीरिक व मानसिक त्रासापोटी भरपाई, तक्रारीचा खर्च. जे मागितलं नाही ते मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, म्हणून 'वस्तू बदलून द्यावी, ते शक्य नसल्यास रक्कम परत करावी' असा पर्याय ठेवा. अडतीस हजारांच्या फ्रिजसाठी दहा लाखांची मानसिक भरपाई मागणाऱ्या तक्रारीकडे आयोग साशंकतेनेच पाहतो. मागणी त्रासाच्या प्रमाणात असू द्या आणि त्रासाचं काहीतरी कागदी चिन्ह द्या: रजा, प्रवासाची तिकिटं, दुसरीकडून करून घेतलेल्या दुरुस्तीचं बिल.

वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार असेल तर एवढ्यावर भागत नाही. रुग्णालयाकडून संपूर्ण केसपेपर लेखी अर्ज करून घ्या आणि त्या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरांचं लेखी मत मिळवा. उपचार अपयशी ठरले म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं आयोग मानत नाही. या एका प्रकारात आणि मोठ्या बांधकाम वादांत वकील लावावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

९. दाखल करणं

१ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल सुरू झालं, आधीचं ई-दाखिल त्यात सामावलं आहे. मोबाइल आणि ई-मेलने नोंदणी करा, आयोग निवडा, पक्षकारांची माहिती भरा, पीडीएफ चढवा, लागू असेल तर फी भरा. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो चढवू नका. काळ्या-पांढऱ्या स्कॅनची, पान क्रमांक टाकलेली, अनुक्रमणिका असलेली फाइल करा.

छाननीत कार्यालय त्रुटी काढतं: सही राहिली, पान वाचता येत नाही, शपथपत्र नाही. पोर्टलवर अधूनमधून जाऊन पाहत राहा, नुसत्या मेसेजवर विसंबू नका. ऑनलाइन दाखल करूनही अनेक आयोग कागदी संच मागतात, म्हणून आयोगासाठीचे संच, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक अशी तयारी ठेवा. नेमके किती, ते कार्यालय सांगेल. मूळ कागद देऊ नका, स्वसाक्षांकित प्रती द्या.

परदेशी असलेले आणि पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन अडकलेले लोक कुलमुखत्यारपत्राद्वारे नातेवाइकामार्फत तक्रार चालवू शकतात. व्हिडिओद्वारे सुनावणीची विनंतीही कायद्यात आहे, त्यासाठी कारणासह अर्ज द्यावा लागतो.

१०. दाखल युक्तिवाद ते निकाल

पहिल्या तारखेला तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, एवढंच ठरतं. साधारणपणे २१ दिवसांत हा निर्णय अपेक्षित आहे. तीनच प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: तुम्ही ग्राहक कसे, तक्रार मुदतीत कशी, आयोगाची हद्द कशी. पूर्ण कहाणी तेव्हा सांगू नका.

मग नोटीस निघते. मिळाल्यापासून ३० दिवसांत सामनेवाल्याने म्हणणे (लेखी उत्तर) द्यायचं, आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. हे ४५ दिवस ओलांडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे. म्हणून नोटीस बजावल्याची तारीख टिपून ठेवा. शेहेचाळिसाव्या दिवशी म्हणणे आलं नसेल तर 'विना म्हणणे प्रकरण पुढे चालवावे' असा अर्ज द्या. आयोग आपण होऊन दिवस मोजेल असं धरू नका. पाकीट 'पत्त्यावर नाही' म्हणून परत आलं तर दुसरा पत्ता शोधून देणं हे तुमचं काम.

म्हणणे आलं की त्याला परिच्छेदवार प्रत्युत्तर द्या, मग पुरावा शपथपत्र. नवीन काही नसेल तर 'तक्रार व जोडलेली कागदपत्रे हाच पुरावा समजावा' अशी पुरसीस (लेखी निवेदन) देता येते. वस्तूच्या दोषावर वाद असेल आणि तो नुसत्या पाहण्याने कळणारा नसेल, तर प्रयोगशाळेत तपासणीचा अर्ज वेळेत द्या, तिची फी तुम्हाला भरावी लागते. तोवर वस्तू भंगारात देऊ नका, दुसरीकडे उघडूही नका. शेवटी दोन-तीन पानांचा लेखी युक्तिवाद द्या. तोंडी बोलायला दहा मिनिटंही मिळतीलच असं नाही.

मध्यस्थीचा पर्याय आयोग सुचवू शकतो, दोघांच्या लेखी संमतीने. रक्कम छोटी आणि वाद सरळ असेल तर जरूर जा. मात्र तडजोडीत रक्कम, तारीख आणि 'न दिल्यास व्याज' हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात वर्ष, दोन वर्षं लागतात. सदस्यांची पदं रिकामी असतात, तारखा पडतात. याचा फार राग येतो आणि तो रास्त आहे, पण त्यामुळे तारखेला जाणं सोडू नका. गैरहजेरीत तक्रार काढून टाकली तर ती पुन्हा सुरू करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी राज्य आयोगात अपील करावं लागतं. जाणं अशक्य असेल तर आधीच अर्ज द्या किंवा अधिकारपत्र देऊन कोणाला तरी पाठवा.

मदत हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना कागद दाखवून घ्या. महाराष्ट्रात ही चळवळ सत्तरच्या दशकापासून चालू आहे.

११. निकाल लागल्यावर

निकालाची प्रत पक्षकाराला विनामूल्य मिळते. ती मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. मान्य नसेल तर निकालाच्या तारखेपासून ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. ज्याला पैसे भरण्याचा आदेश आहे त्याने अपील केलं तर निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. राज्य आयोग मुंबईत आहे, फिरती खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही बसतात. तिथलं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी कागदांच्या भाषांतराचा खर्च धरून ठेवा.

निकालात दिलेली मुदत उलटूनही पैसे आले नाहीत आणि अपिलात स्थगितीही नाही, तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा. यात दोन वाटा आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, म्हणजे बँक खातं, मालमत्ता जप्त होऊ शकते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनी चालू स्थितीत असेल तर कलम ७२ चं समन्स निघाल्यावर धनादेश लवकर येतो. पैसा दडवणारा छोटा व्यापारी किंवा बिल्डर असेल तर कलम ७१ चीही तयारी ठेवा, आणि त्याच्या मालमत्तेची, बँक खात्याची माहिती तक्रार चालू असतानाच जमवायला लागा. त्याने स्वतः दिलेल्या पावत्या आणि धनादेशांवर ती बऱ्याचदा असते.

देयक आलं की व्याज आदेशातल्या तारखेपासून प्रत्यक्ष रक्कम मिळाल्याच्या दिवसापर्यंत मोजून पाहा. कमी असेल तर दरखास्तीत तेवढ्या फरकाचा तक्ता द्या. 'आदेशाची पूर्ण पूर्तता झाली' ही पुरसीस धनादेश वटून पैसे खात्यात दिसल्यावरच द्या, हातात धनादेश आला त्या दिवशी नको.